शून्य ते दहा, पण फक्त दुखण्याचं

बाबांच्या केमोच्या वेळी दर खेपेला सिस्टर यायच्या, ताप बघायच्या, नाडी, बीपी, श्वास मोजायच्या आणि मग विचारायच्या, "काका, दुखतंय का? शून्य ते दहामधे किती?" बाबा कधी तीन म्हणायचे कधी चार, एकदा नुसतं हसून "आज तुम्हीच सांगा" म्हणाले, आणि जो आकडा असेल तो फाइलमधे लिहिला जायचा. आठ महिने हे चाललं. पण झोप लागते का, भीती वाटते का, मनात काय चाललंय हे त्या आठ महिन्यांत एकदाही कोणी विचारलं नाही. एकदाही म्हणजे खरंच एकदाही नाही, फाइल घरी आल्यावर मी पानन् पान चाळलंय.

सिस्टर वाईट नव्हत्या हो. उलट त्या वॉर्डात सगळ्यात जीव लावून काम करणाऱ्या त्याच. विचारलं नाही कारण फॉर्मवर तसा रकानाच नव्हता, आणि जे फॉर्मवर नाही ते एवढ्या गर्दीत कुणाच्या लक्षात राहणार. म्हणून मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते, कॅन्सरच्या पेशंटचं मन सांभाळणं हे कुणाच्या चांगुलपणावर सोडायचं काम नाहीये. ते ट्रीटमेंटमधेच, पगारी माणसाने, ठरलेल्या वेळी, फाइलमधे नोंद करून व्हायला हवं, आणि पेशंटबरोबर जो घरचा माणूस येतो त्याच्यासाठीही. एखादी प्रेमळ नर्स भेटली तर भेटली नाहीतर नाही, असं आपण केमोच्या डोसबद्दल चालवून घेऊ का?

आणि हे काही परवाचं खूळ नाहीये. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलमधे जिमी हॉलंड नावाच्या सायकियाट्रिस्ट बाईंनी 1977 साली फक्त कॅन्सर पेशंटच्या मनाकडे बघणारा विभाग सुरू केला, पुढे या सगळ्याला सायको-ऑन्कॉलॉजी असं भारदस्त नाव मिळालं. नावावर जाऊ नका. त्यांच्याच टीमकडून नंतर एक साधा कागद आला, त्यावर थर्मामीटरचं चित्र, खाली शून्य वर दहा, आणि प्रश्न एवढाच की आजचा दिवस धरून गेल्या आठवड्यात तुम्हाला किती त्रास झाला त्यावर खूण करा. सोबत एक यादी, झोप, पैसे, मुलांचं कसं करायचं, येणंजाणं, भीती, थकवा, जे लागू असेल त्यावर टिक. आकडा चार किंवा त्याच्या वर गेला की कोणीतरी बसून नीट चौकशी करायची. यात डिस्ट्रेस हा शब्द मुद्दाम घेतलाय, डिप्रेशन, मानसिक आजार असलं काही म्हटलं की माणूस दचकतो आणि "मला वेड नाही लागलंय" म्हणून कागद परत देतो, पण त्रास होतो का विचारलं तर "हो, होतो की" म्हणायला कुणाला लाज वाटत नाही. ताप, नाडी, श्वास, बीपी आणि दुखणं यांच्यानंतर मनाचा त्रास ही सहावी खूण म्हणून मोजा, असं या विषयातली आंतरराष्ट्रीय संघटना कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडतेय. पहिल्या पाच आमच्या फाइलमधे होत्या.

सहावीच्या जागी पेशंटला काय मिळतं तर दोन शब्द, पॉझिटिव्ह राहा. बाबांना भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना हे म्हणायचाच, हजेरीपटावर सही केल्यासारखं. विल पॉवर ठेवा, अर्धं काम मनाचंच असतं, अमक्याचे काका बघा कसे हसतखेळत बाहेर आले. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते, त्यालाही काय बोलावं सुचत नसतं हे मला कळतं, पण ऐकणाऱ्याच्या कानावर काय पडतं ते बघा ना. बरं होणं तुझ्या हातात आहे, म्हणजे नाही झालास तर तूच कमी पडलास. एकदा रिपोर्ट वाईट आला तेव्हा बाबा मला म्हणाले, "मागच्या महिन्यात मी जरा खचलो होतो ना, त्यानेच असेल." मला काही बोलताच आलं नाही. माणसाच्या अंगात गाठ, आणि ती वाढल्याचा दोषही त्याच्याच माथी.

खरं तर या गोष्टीचा निकाल बऱ्यापैकी लागलेला आहे. जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मधे डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरच्या 1093 पेशंटची माहिती तपासली, मनाने बरे असलेले लोक जास्त जगले का बघायला, तर तसा काही संबंध दिसला नाही. त्याच्याही आधी 1989 मधे डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या बायका सपोर्ट ग्रुपमधे जात होत्या त्या जास्त जगल्या असं आलं होतं, भरपूर गाजावाजा झाला, मग कॅनडात 235 बायकांवर तसाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला आणि 2001 मधे निकाल आला की आयुष्य काही वाढलं नाही. पण त्याच प्रयोगात ज्या बायका सुरुवातीला जास्त त्रासात होत्या त्यांचं मन हलकं झालं होतं आणि दुखणंही कमी जाणवत होतं. बरेच लोक हे वाचून हिरमुसतात, मला मात्र सुटल्यासारखं झालं. मनाला आधार द्यायचा तो त्रास कमी होतो म्हणून, एवढं कारण पुरे आहे, आयुष्य वाढवून दाखवायची अट त्याच्यावर कशाला? मोडलेल्या हाताला प्लॅस्टर घालताना कोणी विचारतं का की याने किती वर्षं वाढतील? आणि रात्री तीन वाजता भिंतीकडे तोंड करून रडणाऱ्या माणसाला "रडू नका, गाठ वाढेल" हे सांगण्याइतकं खोटं आणि क्रूर दुसरं काही नसेल.

आता याची उलटी बाजू. सगळं मनावर ढकललं की शरीराकडे कानाडोळा होतो, तेही आम्ही करून बसलोय. तिसऱ्या केमोनंतर बाबा रात्रभर येरझाऱ्या घालायला लागले. बसले की उठायचे, दारापर्यंत जाऊन परत, आडवे झाले तरी पाय चालूच, चादर घासून घासून पार पायथ्याशी गोळा झालेली. "आतून कोणीतरी ढकलतंय गं" म्हणायचे. आम्ही काय केलं, तर समजूत घातली, दीर्घ श्वास घ्या, चांगले विचार करा, गाणी लावून दिली, धाकटा काका फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता ते वेगळंच. पाचव्या दिवशी ड्युटीवरच्या दुसऱ्याच एका तरुण डॉक्टरने विचारलं की उलटीसाठी कुठलं औषध चालू आहे. मेटोक्लोप्रमाइड होतं. ते थांबवून दुसरं दिलं आणि दोन दिवसांत येरझाऱ्या बंद. या औषधाने काही जणांना अशी आतली बेचैनी सुरू होते, अकॅथिसिया म्हणतात, डॉक्टर लोकांना माहितीतली गोष्ट आहे, फक्त विचारणारं कोणीतरी हवं. केमोबरोबर डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड देतात त्यानेही झोप उडते, कोणी चिडचिडा होतो तर कोणी उगाच उत्साहात येऊन रात्री दोनला कागदपत्रं लावत बसतो.

आणि याच्या बरोबर उलटंही होतं. भूक मेलीय, वजन उतरतंय, झोप नाही, अंगात त्राण नाही, ही कॅन्सरची लक्षणं आहेत आणि डिप्रेशनचीही, मग सगळं कॅन्सरच्या खात्यावर टाकून मोकळे. खरं डिप्रेशन ओळखायचं तर वेगळं काहीतरी विचारावं लागतं, आवडत्या माणसाला भेटूनही काही वाटत नाही का, आपण सगळ्यांवर ओझं झालोय असं वाटतं का. औषधांचाही घोळ असतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बाईला डिप्रेशनसाठी पॅरॉक्सेटिन दिलं तर टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे कामाचं रूप तयार व्हावं लागतं तेच कमी तयार होतं, म्हणजे एकीकडे शिवायचं आणि दुसरीकडे उसवायचं. म्हणून "बाहेर कुणाला तरी दाखवून घ्या" या सल्ल्याची मला चीड येते. मनाचा डॉक्टर त्याच टीममधला हवा, तीच फाइल त्याच्यासमोर उघडी हवी.

आमच्या घरात आणखी एक उद्योग चालू होता, लपवाछपवीचा. आईने पहिल्याच दिवशी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, "यांच्यासमोर ते नाव काढू नका, धीर सोडतील." मग घरात कॅन्सर हा शब्दच बंद, "ती गाठ", "तो त्रास", "ट्रीटमेंट" असं सगळं आडून आडून. बाबांना सगळं पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आम्ही खोलीतून उठलो की ते फाइल काढून वाचायचे, आणि आईला कळू नये म्हणून पान होतं तसंच दुमडून परत ठेवायचे. एकाच घरात दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते, आणि रडायला दोघांना दोन खोल्या लागत होत्या. हा काही आमच्याच घरचा मामला नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांना 1961 मधे विचारलं होतं तेव्हा साधारण 90 टक्के म्हणाले की आम्ही पेशंटला कॅन्सर झाल्याचं शक्यतो सांगत नाही, आणि 1979 मधे तोच प्रश्न परत विचारला तर 97 टक्के म्हणाले की सांगतो. अठरा वर्षांत एवढा फरक पडतो म्हणजे ही सवय आहे, आणि सवय मोडते.

पण सांगायचं म्हणजे तोंडावर फेकायचं असंही नाही. आम्हाला कॉरिडॉरमधे उभ्याउभ्या सांगितलं, मागून स्ट्रेचर चाललेलं, डॉक्टरांचा एक हात लिफ्टच्या बटणावर. वाईट बातमी कशी द्यायची याची सहा पायऱ्यांची एक पद्धत 2000 सालापासून डॉक्टरांना उपलब्ध आहे, स्पाइक्स म्हणतात तिला. निवांत जागा बघून बसा, समोरच्याला काय माहितीये ते आधी त्याच्याकडून ऐका, मग त्याला किती जाणून घ्यायचंय ते विचारा, मग सांगा, मग तो रडला भांबावला तर ते होऊ द्या, आणि शेवटी पुढचं ठरवा. मला ती तिसरी पायरी फार आवडते. किती जाणून घ्यायचंय हे बाबांना विचारलं असतं तर कदाचित ते म्हणाले असते की मला सगळं सांगा, किंवा म्हणाले असते की तुम्ही बायकोशी बोला मला नको. काहीही म्हणाले असते तरी ते त्यांचं उत्तर असतं. आईच्या परस्पर सांगण्यावरून डॉक्टर वागले आणि तिच्यावरही आठ महिने गुपित सांभाळायची जबाबदारी पडली.

मदत कधी द्यायची हाही मुद्दा आहे. बऱ्याच ठिकाणी काउन्सेलरला बोलावतात ते फार उशिरा, पेशंट जेवत नाही, औषध फेकतो, असं झाल्यावर. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, 2012 मधे आला होता तो, कॅन्सरचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका बाकीच्यांच्या तुलनेत 12 पटींहून जास्त दिसला. घाबरून जाऊ नका, असं करणारे लोक एकूणात अगदी थोडे असतात आणि पुढे धोका झपाट्याने उतरतो, पण सगळ्यात वाईट काळ कुठला ते यातून दिसतं. अजून औषधाचा एक थेंब अंगात गेलेला नसतो तेव्हाच. आणि त्याच आठवड्यात माणूस सगळ्यात एकटा असतो, हातात तपासण्यांची यादी, पुढची तारीख दहा दिवसांनी, आणि मागे छापलेला एक फोन नंबर. ज्या माणसाला स्वतःच्या घराचं कुलूप उघडताना किल्ली सापडत नाहीये तो तो नंबर फिरवणार आणि म्हणणार की नमस्कार, मला भावनिक आधार हवाय? निदान सांगितलं त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत एक माणूस बसलेला हवा, आणि दोन दिवसांनी फोन त्याने करायचा, पेशंटने नाही.

आता आई. हॉस्पिटलच्या भाषेत ती "नातेवाईक". "नातेवाईक कोण आहे, पुढे या, इथे सही करा." आठ महिने तिच्याशी बोललेली निम्मी वाक्यं हीच असतील. तिच्या चष्म्याची काडी दुसऱ्या महिन्यात तुटली ती तिने दोऱ्याने बांधली आणि शेवटपर्यंत तशीच वापरली, रोज हॉस्पिटलमधे जात होती, तिथल्या सगळ्यांनी ती काडी रोज बघितली. तिचं बीपी वाढलेलं होतं हे आम्हाला नंतर कळलं. औषधांच्या वेळा, तापाची नोंद, कोणत्या रिपोर्टची झेरॉक्स कुठे लागते, रात्री दर दोन तासांनी उठणं, आणि वर येणाऱ्याजाणाऱ्याला तेच तेच सांगत बसणं, हे सगळं करणाऱ्या माणसाचा त्रास पेशंटएवढाच, कधीकधी जास्तच निघतो असं अभ्यासात वारंवार दिसलंय, पण तो लिहिणार कुठे, त्याच्या नावाने फाइलच नसते. तिला कोणी विचारलंच तर "काका कसे आहेत?" हेच. आणि तिलाही "मी थकलेय" म्हणायची चोरी, कारण आजारी ते आहेत, मी कशी तक्रार करू. मला वाटतं पेशंटच्या फाइलला मागे एक पान जोडावं, सांभाळणाऱ्याचं. तेच थर्मामीटर, तीच यादी, फक्त नाव वेगळं. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी जास्त, कारण मुलांना कोणी काही सांगत नाही आणि मग ती स्वतःच्या मनानेच काहीतरी ठरवून टाकतात, मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली वगैरे.

हे सगळं म्हटलं की पहिला सवाल येतो तो माणसं कुठून आणायची. रास्त आहे. एवढे सायकियाट्रिस्ट कुठेच नाहीत. पण स्कॉटलंडमधे हा प्रश्न ज्या तऱ्हेने सोडवला ते बघण्यासारखं आहे. तिथे आधी 21 हजारांवर कॅन्सर पेशंट तपासल्यावर लक्षात आलं की ज्यांना खरं डिप्रेशन आहे त्यांच्यातल्या 73 टक्के लोकांना त्यासाठी कसलाच धड उपचार चालू नाहीये. मग 500 जणांवर प्रयोग केला, निम्म्यांना नेहमीसारखं चालू ठेवलं आणि निम्म्यांना कॅन्सरच्याच नर्स, पण याचं खास ट्रेनिंग दिलेल्या, ठरावीक बैठका घेऊन भेटत राहिल्या, सायकियाट्रिस्ट मागून देखरेख करत होते, औषध लागलं तर तेही बघत होते. 24 आठवड्यांनी नर्सवाल्या गटात 62 टक्के लोकांचं डिप्रेशन निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरलं, दुसऱ्या गटात 17 टक्के. 2014 चा निकाल आहे हा. एवढा फरक एखाद्या गोळीने दाखवला असता तर ती दुसऱ्या दिवशी प्रत्येक वॉर्डात असती, पण हिचं पाकीट करून विकता येत नाही ना, तिथेच घोडं अडतं.

एक धोका मला मान्य आहे. नुसता रकाना वाढवला आणि पुढे माणूसच नसला तर तो रकाना भरणं हा आणखी एक छळ होईल, बाबा आठ लिहितील आणि सिस्टर "बरं" म्हणून पान उलटतील. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. म्हणून आधी माणूस नेमा आणि मग कागद छापा, हा क्रम उलटा झाला की सगळं तोंडदेखलं होतं. आणि प्रत्येकाला काउन्सेलर लागतो असंही माझं म्हणणं नाहीये, खूप जणांना घरचे, मित्र, एक समजून घेणारा डॉक्टर एवढं पुरतं, काही जणांना तर खरंच कुणाशी बोलायचं नसतं आणि तो त्यांचा हक्क आहे. पण कोणाला पुरतंय आणि कोणाला नाही हे विचारल्याशिवाय कसं कळणार.

शेवटचं एक, जे मला स्वतःला फार उशिरा समजलं. बाबांची ट्रीटमेंट संपली, रिपोर्ट चांगला आला, सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि त्याच महिन्यात ते सगळ्यात जास्त ढासळले. आम्ही चिडलो, आता कशाला, आता तर सुटलो. पण विचार केला तर साहजिक होतं, आठ महिने दर आठवड्याला कोणीतरी तपासत होतं, काहीतरी चालू होतं, आणि एकदम सगळं थांबून "तीन महिन्यांनी या". आजार परत येईल ही भीती ट्रीटमेंट संपलेल्यांची सगळ्यात मोठी तक्रार असते, तिच्यावर नेमकं काम करणाऱ्या थेरपी आता आहेत, त्यांचा उपयोग होतो असं दिसलंय, पण त्या द्यायच्या वेळेला पेशंट हॉस्पिटलच्या हिशोबातून निघून गेलेला असतो. बाबा कधीच भीती वाटते असं म्हणत नाहीत. ते कपाट आवरतात. स्कॅनच्या आधी साधारण पंधरा दिवस सगळे कप्पे रिकामे होतात, इन्शुरन्सचे कागद एका पिशवीत, बँकेचे दुसऱ्या, प्रत्येक पिशवीवर आईला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात चिठ्ठी. पहिल्या दोन वेळेला आम्हाला वाटलं त्यांना टापटीप सुचतेय. आता आई जवळ जाऊन बसते आणि विचारते, "किती? शून्य ते दहा?" परवा सात म्हणाले. स्कॅन अजून तीन आठवडे लांब आहे.